उलट्या खुर्चीचा चार

कादंबरीनं वेट मार्केटमधून, म्हणजे इथल्या मंडईतून, आठ नारळ आणले आणि अरुणाआजीच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला.

"आठ? अगं, आठ नारळ कशाला? कुणाचं लग्न काढलंयस? मी मेली सांगून सांगून थकले, चिठ्ठीवर लिहूनसुद्धा दिलं, तरी आठ!"

"आजी, तूच एट लिहिलंस, ला." इथल्या लोकांसारखा शेवटी ‘ला’ लावत कादंबरीनं हातातली पिशवी ओट्यावर आदळली. एकोणीस वर्षांची पोर, कॉलेजच्या बास्केटबॉल टीममधली, खांदे असे रुंद की आठ नारळ चौदाव्या मजल्यापर्यंत आणून धाप लागली नव्हती. "हे बघ ना. क्लियरली एट."

तिनं चिठ्ठी पुढे धरली. आजीचं अक्षर तिसरीत शाळा सुटली तिथंच थांबलेलं, मोठं आणि गरगरीत. नारळ ४.

"हा चार आहे! चार! डोळे आहेत का सदऱ्याची बटणं?"

"चार असा कुठे असतो?"

खिडकीजवळच्या खुर्चीत पद्माकरआजोबा खाली पाहत बसले होते. परदेशातल्या त्या चोआ चू कांग वस्तीत, त्यांच्या ब्लॉकखाली बास्केटबॉलचं कोर्ट होतं, आणि सकाळ-संध्याकाळ चेंडूचा ठप्प ठप्प आवाज वर येई. शिरीषनं, म्हणजे त्यांच्या मुलानं, हा फ्लॅट घेतला तेव्हा बायकोनं स्वयंपाकघर पाहिलं, आजीनं सूर्य कुठून येतो ते पाहिलं आणि आजोबांनी फक्त हे कोर्ट पाहिलं. ते तिथूनच हसून म्हणाले, "अगं, तिच्यावर कशाला ओरडतेस? ज्याला जो आकडा शिकवला तोच त्याला दिसणार. तू चार लिहिलास, तिनं आठ वाचला. यात पोरीची काय चूक?"

पुढचं वाक्य बोलायला उघडलेलं आजीचं तोंड तसंच उघडं राहिलं. मग तिनं ते मिटलं, पिशवीतला एक नारळ काढला, कानाशी धरून हलवला आणि नळाखाली धुवायला घेतला.

कादंबरीनं आजोबांकडे पाहून भुवया उडवल्या. आजी गप्प बसली, म्हणजे काहीतरी गंभीर होतं. या घरात आजी चुकत नसे. शिरीषनं चाळीस वर्षं अकाउंट्स बघितले, पण आजीनं "तुझं चुकलंय" म्हटलं की तोही पुन्हा बेरीज करी. आजोबांचं तर काही विचारायलाच नको. "अरुणा म्हणाली ना? मग झालं," एवढंच ते म्हणत.

आणि आज सकाळीच शहराच्या दुसऱ्या टोकाहून, मरीन परेडहून, मधुवंतीचा फोन येऊन गेला होता.

मधुवंती म्हणजे निशिकांत दाभोळकरांची मुलगी. बाबा पुण्याहून आलेत, शनिवारी परत जाणार, आता वय पाहता पुन्हा येणं व्हायचं नाही, आणि त्यांना एकदा पद्माकरकाकांना भेटायचंय, असं ती म्हणाली. आजीनं फोनवर हात ठेवून नवऱ्याला विचारलं, आणि एरवी गोगलगाईला बाजूला ठेवून चालणारा तो माणूस खुर्चीत ताठ झाला.

"निश्या? त्या चोराचा पाय माझ्या घराला लागता कामा नये."

"अहो, सत्त्याऐंशी वर्षांचे झालात दोघं."

"तो सत्त्याऐंशीचा चोर आहे. दोन बास्केट खाल्ल्या त्यानं."

या दोन बास्केट घरात सगळ्यांना पाठ होत्या. सून सविता लग्न होऊन आली तेव्हा तिनं ऐकल्या, कादंबरीनं तर घासाघासाला ऐकल्या. अठ्ठावन्न साल, सांगलीकडचं कॉलेज, फायनल, कोल्हापूरच्या टीमशी. बोर्डावर अठ्ठेचाळीस–पंचेचाळीस, आपण पुढे. शेवटचा मिनिट. पद्माकर कॅप्टन. चेंडू हातात ठेवायचा, एकमेकांकडे द्यायचा, वेळ काढायची. अमुक सेकंदांत चेंडू टाकलाच पाहिजे असला नियम तेव्हा आमच्या मातीच्या मैदानावर कुणाला ठाऊक होता? शिट्टी वाजली, पोरांनी कॅप्टनला खांद्यावर घेतलं. आणि तेवढ्यात टेबलावरच्या स्कोअरच्या वहीतून निशिकांतनं वाचलं: पंचेचाळीस–चव्वेचाळीस, कोल्हापूर विजयी. वही म्हणजे वही. खांद्यावरचा कॅप्टन खाली उतरला.

आता निशिकांत त्याच टीममधला, त्याच खोलीत राहणारा, एका ताटात जेवणारा. पण फायनलच्या आधी आठ दिवस पद्माकरनं त्याला टीममधून काढलं होतं. गुडघा सुजला होता म्हणून काढलं, पण काढलंच. म्हणून तो वही घेऊन टेबलाशी बसला होता. बोर्डावर अठ्ठेचाळीस, वहीत चव्वेचाळीस: बरोबर चार गुणांचा फरक, म्हणजे बरोबर दोन बास्केट. सगळ्या कॉलेजनं तर्क लावला: निश्यानं सूड उगवला, दोन बास्केट लिहिल्याच नाहीत. त्या दिवसानंतर पद्माकर त्याच्याशी एक शब्द बोलला नाही. निशिकांतनं खोली सोडली, मग कॉलेज सोडलं.

आजोबा गोष्ट इथं संपवीत. आजीला पुढची ठाऊक होती.

ती तेव्हा अरुणा नव्हती. अरुणा हे नाव लग्नात तांदळावर लिहिलेलं. त्याआधी ती ठकू होती, कॉलेजच्या जिमखान्याच्या शिपायाची चौदा वर्षांची पोर. बोर्ड म्हणजे दोन बांबूंना ठोकलेली फळी आणि तिच्यावर खिळे. पेटीत लाल रंगानं इंग्रजी आकडे काढलेले पत्रे. बाप पत्रा निवडून द्यायचा, ठकू शिडीवर चढून टांगायची. तिला आकडे येत होते, पण आपले, शाळेतले. इंग्रजी आकडे तिनं आपल्या समजुतीनं ओळखीचे करून घेतले होते: काठी म्हणजे एक, हंस म्हणजे दोन, ढेरीवाला म्हणजे पाच, आणि उलट्या खुर्चीसारखा दिसतो तो चाळिसातला, कारण चाळीस झाले की बाप तोच डावीकडे टांगायला सांगे.

शेवटच्या दोन मिनिटांत लोक मैदानात घुसायला लागले आणि बाप दोरी धरायला पळाला. ठकू एकटीच पेटीपाशी. बेचाळीस–त्रेचाळीस, आपण एकानं मागे. पद्माकरनं दोघांना चकवून चेंडू टाकला, तो कड्यावर दोनदा नाचला आणि आत गेला. मैदान उसळलं. टेबलाशी पाठमोरा बसलेला निशिकांत मान न वळवता ओरडला, "चव्वेचाळीस!"

चव्वेचाळीस. म्हणजे चाळिसाच्या वरचा चार. ठकूनं पेटीत हात घातला आणि चार काढला. छान आपला शाळेतला चार, वरून उघडा, खाली गाठ. टांगला. लोकांनी टाळ्या पिटल्या. तिला वाटलं, आपल्यासाठीच पिटल्या.

मग कोल्हापूरनं एक टाकली. मग पद्माकरची पोरं चेंडू हातात ठेवून वेळ काढायला लागली. टेबलाशी निशिकांत उठून उभा राहिला आणि घसा फाडून ओरडायला लागला, "पद्या, मार! अरे, खेळ, मार ना!" सगळ्यांना वाटलं, चेंडू घालवायला लावतोय हरामखोर.

संध्याकाळी पत्रे पेटीत भरताना बाप म्हणाला, "या आठाचं वरचं टोक उडालंय बघ. रंग मारायला पाहिजे." त्यानं हातात धरला होता तो तिचा चार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅप्टन स्वतः त्यांच्या खोलीच्या दारात आला. बाप प्रिन्सिपॉलांकडे गेला होता. डोळे लाल झालेला तो उंच पोरगा दाराची चौकट धरून तिला विचारत होता, "बोर्ड बरोबर होता ना? तूच टांगलास ना आकडा? खरं सांग."

आत आई आजारी, बापाची नोकरी त्या पेटीवर. ठकूनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "बोर्ड बरोबर होता."

त्यानं विश्वास ठेवला. साक्ष देणारं जगात एकच माणूस आहे म्हणून तो पुन्हा आला, मग पुन्हा, मग काही काम नसताना. शिपायाची पोर करतो म्हणून घरच्यांनी दोन वर्षं तोंड पाहिलं नाही, तरी त्यानं केली. आजी त्या गोष्टीचा सगळीकडे तोरा मिरवी. पण मुळाशी काय होतं ते तिचं तिला माहीत. या माणसाशी ती आयुष्यात जे पहिलं वाक्य बोलली, ते खोटं होतं. आणि त्या वाक्यावर त्याचा असा भरवसा होता की सदुसष्ट वर्षं त्यानं एक जिवाभावाचा मित्र ओवाळून टाकला होता.

सांगावं, असं पुष्कळदा आलं होतं मनात. शिरीष झाला तेव्हा, सासरे गेले तेव्हा. दर वेळी वाटे, सांगितलं तर हा माणूस पुन्हा कधी "अरुणा म्हणाली ना, मग झालं" असं म्हणेल का? तिच्याकडे शिक्षण नव्हतं, माहेर नव्हतं. तेवढं एक वाक्य होतं. ते गेलं तर उरणार काय?

तिनं चार नारळ खवले. मग उरलेले चारही खवले. खवता खवता नवऱ्याचे सकाळचे शब्द डोक्यात ठप्प ठप्प वाजत होते. ज्याला जो आकडा शिकवला तोच त्याला दिसणार. यात पोरीची काय चूक?

पोरीची चूक नव्हती, हे खरं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दारात बोलली ती चूक नव्हती, ते खोटं होतं. आणि निशिकांत शनिवारी चालला होता.

तिनं मधुवंतीला फोन लावला. "शुक्रवारी चार वाजता घेऊन ये बाबांना. चार म्हणजे चार हं. दुसरा कुठला आकडा ऐकू नकोस."

शुक्रवारी बेल वाजली तेव्हा आजोबांना वाटलं, शिरीष लवकर आला. दारात काठी टेकून एक वाळकुडा म्हातारा उभा होता. गुडघा अजून वाकडाच. मधुवंतीनं त्यांना आत बसवलं आणि आजीच्या डोळ्यातला इशारा ओळखून ती गाडी लावून येते म्हणून खाली गेली.

"हे काय?" आजोबा खुर्चीतूनच गरजले. "अरुणा, याला कुणी बोलावलं?"

"मी बोलावलं."

"मी आत जातो."

"जा की," निशिकांत म्हणाले. आवाज मात्र अजून तसाच खणखणीत होता. "मी तुझ्याकडे आलोच नाही. वहिनींच्या हातचं खायला आलोय."

"खाण्यात तू पहिल्यापासून पटाईत. दोन बास्केट खाल्ल्यास."

"अजून पोटात आहेत, पद्या. पचल्या नाहीत रे."

कादंबरी सोफ्याच्या हातावर बसून एकदा इकडे, एकदा तिकडे पाहत होती, मॅच बघावी तशी. आजोबा काठी शोधून उठायला लागले. आणि आजी स्वयंपाकघरातून तांदळाच्या पिठाचं ताट घेऊन आली, ते त्यांच्या वाटेतल्या टीपॉयवर ठेवलं, हातानं पीठ सपाट केलं आणि बोटानं एक आकडा काढला.

"कादंबरी, हे काय आहे?"

"आजी, अगेन? एट."

"अहो, तुम्ही सांगा. काय आहे हे?"

"चार," आजोबा वैतागून म्हणाले. "त्या नारळांचं काय घेऊन बसलीस आत्ता?"

"नारळांचं नाही." आजीनं हात पदराला पुसले. तिला वाटलं होतं, आवाज कापेल. नाही कापला; कोरडा आला, भाजीवाल्याशी बोलावं तसा. "तुमच्या फायनलचं. मला इंग्रजी आकडे येत नव्हते. बाबा दोरी धरायला गेले होते. यांनी चव्वेचाळीस म्हणून हाक दिली, ती मी नीट ऐकली. पेटीतून चार म्हणून जो काढला, तो आठ होता. वरचा रंग उडालेला. बोर्ड चुकला होता. वही बरोबर होती."

खाली कोर्टावर चेंडू आपटत होता.

"दुसऱ्या दिवशी तुम्ही दारात आलात, तोवर मला कळलं होतं. तरी मी बरोबर म्हणाले. यांनी काही खाल्लं नाही. जे खाल्लं ते मी खाल्लं."

आजोबा अर्धवट उठले होते, ते हळूच पुन्हा खाली बसले. बायकोकडे त्यांनी पाहिलं नाही. निशिकांतकडे पाहिलं.

निशिकांत पिठातल्या आकड्याकडे बघत होते. "मला ठाऊक होतं," ते म्हणाले.

आता आजीच्याच हातातून पदर सुटला. "काय?"

"त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी. वेड लागायची पाळी आली होती. वही दहादा मोजली. मग वाटलं, बोर्डच बघू. जिमखान्यात गेलो, पेटी उघडली. आठाचं टोक उडालेलं. आणि ठकू," इतक्या वर्षांत ते नाव कुणी उच्चारलं नव्हतं, "माझी बहीण मला भेटायला यायची, तिच्याबरोबर तू बोरं मोजायचीस, तेव्हा जमिनीवर आकडे काढायचीस. तुला कुठले आकडे येतात, ते मला ठाऊक होतं."

"मग बोलला का नाहीस?" आजोबांचा आवाज चिरकला. "गाढवा, बोलला का नाहीस?"

"कुणाशी बोलू? तू विचारलंस कधी? तू तर सगळ्या होस्टेलसमोर चोर म्हणालास. म्हटलं, ठीक आहे, म्हण. प्रिन्सिपॉल शिपायाला घालवायला टपलेच होते. चार माणसांचं पोट त्या पेटीवर. मी काय, घरी शेती होती, परत गेलो." ते थांबले आणि ओठ मुडपून हसले. "वर्षभरानं वाटलं होतं पत्र टाकावं. तोवर कळलं, तू त्यांच्याच खोलीत जाऊन बसायला लागलायस. आधी तिच्या बापाची नोकरी होती, मग तुझं लग्न. माझा नंबर लागलाच नाही रे."

कादंबरीनं नाक ओढलं. आजीला रडणाऱ्या माणसांचा राग यायचा. आज ती तिच्यावर ओरडली नाही. ती नवऱ्याकडे बघत होती. त्याचा चेहरा तिला पाठ होता, भूक लागलेला, ताप आलेला, खोटं खोटं रागावलेला. हा चेहरा तिनं एकदाच पाहिला होता, दाराची चौकट धरलेला.

"म्हणजे पहिलंच वाक्य," आजोबा म्हणाले.

"हो."

"पहिलंच तू माझ्याशी खोटं बोललीस."

"हो. आणि त्यानंतर एकही नाही." मग, आज सगळंच सांगायचं ठरवलं होतं म्हणून, "तुमच्या गाण्याला छान म्हणते, ते सोडून."

निशिकांतना ठसका लागला. ते हसू दाबत होते. "अजून गातो हा?"

"रोज सकाळी," आजी म्हणाली.

आजोबा हसले नाहीत. ते पिठातल्या आकड्याकडे वाकले. मग बोट पुढे करून त्यांनी त्या उघड्या टोकावर एक रेघ ओढली. चाराचा आठ झाला. त्यांनी पीठ पुसलं.

"निश्या, वहीत काय होतं? पुन्हा वाच."

निशिकांतनी काठीवर दोन्ही हात ठेवले आणि मान ताठ केली. "पंचेचाळीस–चव्वेचाळीस. कोल्हापूर विजयी."

"म्हणजे हरलोच होतो आपण."

"हरलोच होतो."

"एका गुणानं." आजोबांनी तो शब्द जिभेवर घोळवून पाहिला. "आणि तू ओरडत होतास, मार म्हणून. शेवटचा अख्खा मिनिट."

"घसा बसला होता दोन दिवस."

"मारली असती तर जिंकलो असतो."

"तुझा नेम कुठे होता तेव्हा? थकला होतास. माझ्याकडे पास दिला असता तर मारली असती मी." निशिकांतनी वाकड्या गुडघ्यावर थाप मारली. "पण मला काढलं होतंस ना."

"आजोबा," कादंबरी पुटपुटली, "बट यू ऑलवेज सेड वी वन."

"चुकीचं सांगितलं मी तुला," आजोबा म्हणाले. "आता नीट ऐक. हरलो. एका गुणानं. आणि वही लिहिणारा माझा मित्र होता."

आजी आत गेली. आठ नारळांच्या वड्या दोन डब्यांत मावत नव्हत्या. तिनं बशी भरून आणली आणि टीपॉयवर ठेवली. आजोबांनी बशीतल्या दोन वड्या उचलल्या आणि वाकून निशिकांतच्या तळहातावर ठेवल्या.

"दोन खाल्ल्यास म्हणून सदुसष्ट वर्षं बोललो. आता खऱ्या दोन खा."

निशिकांतनी दुसऱ्या हाताच्या मनगटानं डोळे पुसले. त्यांना लगेच खाता आल्या नाहीत.

"साखर कमी वाटतेय का?" आजीनं दटावून विचारलं. "का रडूनच गोड करणार?"

मधुवंती वर आली तेव्हा दोघं म्हातारे खिडकीशी खुर्च्या जोडून खालच्या पोरांना नावं ठेवत होते. हा पास असा देतात का, तो पाय बघ, पाय नाचवतोय नुसता. साडेसहाला निघताना निशिकांत म्हणाले, "पद्या, आता पुढच्या मॅचला भेटू," आणि कुठली मॅच, ते कुणी विचारलं नाही.

आजोबा-आजी त्यांना खाली पोचवायला गेले. गाडी वळून दिसेनाशी झाली. परत येताना आजी मुद्दाम दोन पावलं मागे राहिली. एरवी लिफ्टमध्ये शिरली की बटण तीच दाबी. दुसऱ्या कुणी दाबलेलं तिला खपत नसे. आज तिनं हात पुढे केला आणि मध्येच थांबवला.

"दाब की," आजोबा म्हणाले. पण तिचं बोट बटणाला लागायच्या आत त्यांनी तिचं मनगट धरलं. "थांब. चौदा. त्यातला चार कसा दिसतो?"

"उलट्या खुर्चीसारखा," ठकू म्हणाली.

"अरुणा म्हणाली ना? मग झालं," असं म्हणून त्यांनी तिच्याच बोटानं बटण दाबलं. लिफ्टचं दार मिटलं. आजीनं एरवी हात झटकला असता, चारचौघांत काय हे म्हणून. लिफ्टमध्ये चारचौघं नव्हते, आणि चौदावा मजला येईपर्यंत तिनं तो हात तसाच राहू दिला.